माजी सैनिकाचे मानसिक उपचार: गोव्यातील कुटुंबासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

निवृत्त होऊन घरी आलेल्या सैनिकाला झोप लागत नाही, तो लहानसहान गोष्टींवरून ओरडतो, दारू वाढली आहे किंवा बोलणेच बंद झाले आहे, अशा वेळी मदत शोधणारे कुटुंब बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरुवात करते. कोणी थेट खासगी दवाखाना गाठते आणि बिलांचा गठ्ठा साचल्यावर माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेकडे, म्हणजे ईसीएचएसकडे परतावा मागते. कोणी आधी अपंगत्व पेन्शनचा अर्ज भरते आणि उपचाराचे नंतर पाहू म्हणते. कोणी एका रात्रीत दारू बंद करायला लावते. बरीच कुटुंबे पहिल्या गोळ्यांनी थोडी झोप लागू लागताच थांबतात. उपचार सुरू करणे त्या मानाने सोपे आहे. ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत टिकवणे कठीण असते, आणि त्याची तयारी पहिल्या भेटीच्या आधीच करावी लागते. पुढचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

## टप्पा १: आज रात्रीचा धोका आधी पाहा

कागदपत्रे, रेफरल (तज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी), अपॉइंटमेंट हे सगळे नंतर. पहिला प्रश्न एवढाच की हा माणूस आज रात्री सुरक्षित आहे का. मरणाविषयी बोलणे, अचानक विमा आणि बँकेची कागदे लावून ठेवणे, मुलांना बोलावून निरवानिरवीच्या भाषेत बोलणे, जुन्या सोबत्यांना फोन करून माफी मागणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अनेक दिवसांच्या अस्वस्थतेनंतर एकाएकी आलेली शांतताही तितक्याच गांभीर्याने घ्यावी.

शंका असेल तर सरळ विचारा: ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज खोटा आहे. उलट पुष्कळांना कोणीतरी विचारले याचाच आधार वाटतो. उत्तर होकारार्थी असेल, तर काय करायचे ठरवले आहे आणि साधन जवळ आहे का, हेही विचारा. ठरवलेले आणि जवळचे असेल तर माणसाला एकटे सोडू नका आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा तातडीचा विभाग आहे, आणि मानसिक आजारांची सरकारी संस्था, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात, तीही बांबोळीतच आहे.

घरात परवान्याची बंदूक असणे माजी सैनिकांत दुर्मीळ नाही, कारण निवृत्तीनंतर अनेकजण बँकेत किंवा कंपनीत शस्त्रधारी रक्षकाची नोकरी करतात. अशा काळात ती घरात नसावी. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती जमा करता येते. परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्याशिवाय इतर कोणी ती घेऊन रस्त्यावर निघू नये. आधी ठाण्याला फोन करून रीत विचारावी आणि शक्य तोवर त्या माजी सैनिकाच्याच संमतीने हे काम करावे. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्यांचा साठा आणि बागायतीतील कीटकनाशक हेही कुलपात किंवा शेजारच्या घरी ठेवावे.

इशारा: रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हातापायांना कंप आणि घाम सुटू शकतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान माणूस भ्रमात जाऊन नसलेल्या गोष्टी पाहू लागण्याचीही शक्यता असते. ही शेवटची अवस्था जिवावर बेतू शकते. दारू सोडवायची असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि गरज पडल्यास दाखल करूनच सोडवावी.

तपासा: आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर पोलीस केस होईल या भीतीने रुग्णालयात नेणे टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे कायदा गृहीत धरतो. त्याला शिक्षा करण्याऐवजी त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. तातडीच्या प्रसंगी ईसीएचएसच्या यादीतील रुग्णालयात रेफरलशिवाय दाखल करता येते. यादीबाहेरच्या रुग्णालयात न्यावे लागले तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या स्वतःच्या दवाखान्याला, कळवणे बंधनकारक आहे. हा फोन रुग्णालय करील असे धरून चालू नका. घरातल्या एकाच व्यक्तीवर ती जबाबदारी टाका आणि कळवल्याची वेळ आणि ऐकणाऱ्याचे नाव लिहून ठेवा.

## टप्पा २: दोन आठवड्यांची वही

तातडी नसेल तर डॉक्टरकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे नोंदी ठेवा. पहिल्या भेटीत डॉक्टरांजवळ थोडाच वेळ असतो आणि त्या वेळात ‘हे फार रागीट झालेत’ या वाक्यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही. किती वाजता झोपले, किती वाजता उठले, ओरडत जाग आली का, किती प्यायले, जेवण कसे होते, कोणत्या प्रसंगी भडका उडाला, त्याच्या आधी काय घडले होते, एवढे रोज तीन-चार ओळींत लिहावे. मताऐवजी घटना लिहा. ‘वेड्यासारखे वागले’ याऐवजी ‘नरकासुराच्या रात्री पहिला फटाका वाजल्याबरोबर मुलाला खाली पाडून त्याच्या अंगावर पडले, नंतर तासभर थरथरत होते’ ही नोंद डॉक्टरांना शंभर विशेषणांपेक्षा जास्त सांगते.

आवाज, वास, गर्दी, ठरावीक तारखा यांच्याशी लक्षणे जोडलेली आहेत का, याकडे विशेष लक्ष द्या. एखाद्या कारवाईचा किंवा सोबती गमावल्याचा दिवस दरवर्षी येतो आणि त्या आठवड्यात माणूस कोलमडतो, हे घरच्यांना अनेकदा वहीतूनच कळते. अशी लक्षणे एक महिन्याहून जास्त टिकली असतील तर आघातानंतरच्या तणाव विकाराचा विचार होतो. पण निदान करणे हे वहीचे काम नव्हे आणि तुमचेही नव्हे. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडकणे, जुनी डोक्याची इजा, स्फोटांमुळे गेलेली श्रवणशक्ती यांमुळेही माणूस चिडचिडा, उदास आणि तुटक होतो. साठी ओलांडलेल्यांत विसरभोळेपणाची सुरुवातही अशीच दिसते. म्हणून शारीरिक तपासण्यांना फाटा देऊ नका.

## टप्पा ३: फाइल तयार करा

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि बहुतेकांचे अडते ते इथेच. एकाच फाइलमध्ये ईसीएचएस कार्डाची प्रत, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचे पुस्तक), आधार आणि आतापर्यंतच्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावा. सेवेतून बाहेर पडतानाच्या वैद्यकीय मंडळाची, म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाची कागदे असतील तर ती सर्वांत वर ठेवा. ती नसतील तर संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागणी करा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांसाठी ते बेळगावला आहे, नौदलाच्या खलाशांसाठी मुंबईतील मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर उपचार थांबवण्याचे काही कारण नाही.

पत्नी आणि मुलांची नावे कार्डावर आहेत का, हे आजच पाहा. बेरोजगार, अविवाहित मुलगा २५ वर्षांपर्यंतच अवलंबित धरला जातो. कायमचे अपंगत्व असलेल्या अपत्याला वयाची ही अट लागू होत नाही. आई-वडिलांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. कार्ड हरवले आहे, पत्नीचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिले आहे, जन्मतारीख जुळत नाही, असल्या गोष्टी संकटाच्या रात्री कळण्यापेक्षा आता कळलेल्या बऱ्या. दुरुस्तीसाठी अडलात तर पणजीतील सैनिक कल्याण खात्याकडे जावे. माजी सैनिकांच्या अडचणींत मार्ग दाखवणे हे त्या खात्याचे कामच आहे, आणि ज्यांना पेन्शन नाही किंवा ज्यांची स्थिती हलाखीची आहे त्यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीचे अर्जही अशाच कार्यालयांमार्फत पुढे जातात.

तपासा: ईसीएचएस सगळ्यांना लागू नाही. चार वर्षांची सेवा करून बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना मूळ अटींनुसार ही योजना मिळत नाही. अशा घरांनी पॉलिक्लिनिकच्या खेपा न घालता टप्पा ५ मधील सरकारी मार्ग धरावा.

## टप्पा ४: त्यांच्याशी बोलणे

सैन्यात वर्षे घालवलेल्या माणसाला ‘तुम्हाला मानसिक आजार झाला आहे’ असे सांगितले की दार बंद होते. त्यामागे केवळ हट्ट नसतो. सेवेत असताना वैद्यकीय श्रेणी घसरली की बढती अडते, शस्त्र काढून घेतले जाते, सोबती कुजबुजतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. तो धोका आता उरलेला नाही, हे त्याला सांगावे लागते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम २३ नुसार मानसिक उपचारांची माहिती गोपनीय आहे आणि कायद्याने सांगितलेले ठरावीक अपवाद सोडले तर रुग्णाच्या संमतीशिवाय ती बाहेर देता येत नाही.

भांडणाच्या वेळी किंवा प्यायलेले असताना हा विषय काढू नका. सकाळी, चहा झाल्यावर, एकाच व्यक्तीने बोलावे. मुलगी असे म्हणू शकते: ‘बाबा, गेले पंधरा दिवस तुम्ही रात्री तीनला उठून सोप्यावर बसता. मला काळजी वाटते. सोमवारी रक्तदाब तपासायला पॉलिक्लिनिकमध्ये जाणारच आहोत, तेव्हा झोपेचेही डॉक्टरांच्या कानावर घालू या.’ यात आरोप नाही, आणि खोटेही काही नाही. घरच्यांचे ऐकत नसतील तर त्यांच्याच पलटणीतला किंवा जहाजावरचा एखादा विश्वासू सोबती बोलवा, शक्यतो ज्याने स्वतः उपचार घेतले आहेत असा. त्याच्या एका वाक्याचे वजन नातेवाइकांच्या सगळ्या सभेपेक्षा जास्त असते.

अनेक घरांत आधी देवळात गाऱ्हाणे घातले जाते. त्याला विरोध करण्याची गरज नाही, आणि विरोध केल्याने माणूस दुरावतो. मात्र ‘आधी कौल, मग डॉक्टर’ असा क्रम लावून महिने घालवू नयेत. दोन्ही एकाच आठवड्यात होऊ शकते.

इशारा: चहात किंवा जेवणात गोळी मिसळून देऊ नका. ही चूक अतिशय प्रेमापोटी होते आणि तिचे नुकसान अतिशय खोल असते. आधीच सावध, संशयी झालेल्या माणसाला हे एकदा जरी कळले तरी तो घरचे अन्न आणि घरची माणसे दोन्ही नाकारतो. शिवाय दारू किंवा इतर औषधांसोबत ती गोळी काय करील यावर कोणाचे नियंत्रण राहत नाही.

## टप्पा ५: कोणत्या दाराने जायचे ते ठरवा

मार्ग मुख्यतः तीन आहेत, आणि कोणता कधी घ्यायचा हे ठरवण्यात घोळ होतो. ईसीएचएसचे लाभार्थी असाल, प्रकृती तातडीची नसेल आणि खासगी रुग्णालयातील तज्ज्ञ हवा असेल, तर सहसा पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन जावे. खर्चाचा प्रश्न नको असेल, किंवा कार्डाची दुरुस्ती अडकली असेल, तर आयपीएचबीचा बाह्यरुग्ण विभाग थेट गाठावा. ‘बांबोळीला नेले’ या शब्दांना गावात जो डाग चिकटला आहे त्यापायी पेडणे, सत्तरी, काणकोणची माणसे कुठे दूर परराज्यात जातात आणि दुसऱ्याच भेटीनंतर प्रवासाला कंटाळून उपचार सोडतात. महिन्याला एकदा सहज पोहोचता येईल असा साधा दवाखाना दूरच्या नामांकित रुग्णालयापेक्षा चांगला, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा मार्ग फोनचा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि मराठीतून बोलता येते. सैन्यदलांशी संबंधित लोकांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. माणूस दवाखान्याचे नावच काढू देत नसेल तेव्हा पत्नीने स्वतःच्या वतीने इथे फोन करावा. पुढे कसे जायचे हे ठरवायला त्याची मदत होते. फोनवर सल्ला मिळाला म्हणजे उपचार झाला, असे मात्र धरू नये.

गोव्यात समुपदेशनाचीही चांगली परंपरा आहे. संगाथ या संस्थेने राज्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकरवी नैराश्य आणि अतिमद्यपान यांवर मोजक्या भेटींचे उपचार देऊन पाहिले, आणि त्यांचा उपयोग होतो हे २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून दिसले. समुपदेशक डॉक्टर नाही म्हणून त्याला कमी लेखू नका. आत्महत्येच्या विचारांबाबत बोलण्यासाठी म्हापशाकडच्या कूज या संस्थेचीही मदत घेता येते.

## टप्पा ६: पॉलिक्लिनिकमधला दिवस

सकाळी लवकर जा आणि सोबत एकच माणूस न्या. चौघे नातेवाईक एकाच वेळी बोलू लागले की रुग्ण गप्प होतो. वैद्यकीय अधिकाऱ्याला पहिल्या मिनिटात तीन गोष्टी सांगा: झोपेचे काय झाले आहे, दारू किती आहे, आणि जीव देण्याचे विचार आहेत की नाहीत. मग वहीतली दोन पाने दाखवा. दारूचे प्रमाण लपवू नका. सैनिकी कँटीनमधून मिळणारा दारूचा कोटा महिन्यात संपतो की पहिल्या आठवड्यात, आणि त्यानंतर गावातल्या बारवर किती जाते, हे डॉक्टरांना कळले नाही तर ते चुकीचे औषध देऊ शकतात, कारण झोपेच्या काही गोळ्या आणि दारू मिळून श्वास मंदावतो.

साखर, थायरॉइड, बी-१२, यकृत आणि सोडियम यांच्या तपासण्या इथेच होतील का, ते विचारा. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञासाठी रेफरल मागा. मिळालेला कागद खिशात घालण्यापूर्वी वाचून घ्या. त्यावर विभागाचे नाव बरोबर आहे का, फक्त तपासणीसाठी आहे की उपचार, भरती आणि समुपदेशन यांसाठीही आहे, त्याची मुदत कधी संपते, आणि ते रुग्णालय आजच्या घडीला यादीत आहे का, हे तिथल्या तिथे विचारावे. रुग्णालये यादीत येतात आणि यादीतून जातातही. शेजाऱ्याचे काम गेल्या वर्षी झाले म्हणून तुमचे होईलच असे नाही.

तपासा: रेफरलची मुदत संपायच्या दहा दिवस आधीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. मानसिक आजाराचे उपचार महिनोन् महिने चालतात, आणि ते तुटण्याचे एक मोठे कारण संपलेला कागद हेच असते.

## टप्पा ७: तज्ज्ञाकडची पहिली भेट

रुग्णाला आधी एकट्याने बोलू द्या, नंतर तुम्ही त्याच्या संमतीने आत जा. सैन्यात काय पाहिले, काय घडले, हे सगळे पहिल्याच दिवशी सांगण्याचा आग्रह धरू नका, घरी तर मुळीच नाही. आघाताच्या आठवणींवर काम करणाऱ्या उपचारपद्धती आहेत आणि त्या उपयोगी आहेत, पण माणूस थोडा स्थिर झाल्यावर, प्रशिक्षित व्यक्तीसमोर, त्याच्या गतीने ते काम होते.

बाहेर पडण्यापूर्वी लिहून घ्या: औषधाचे मूळ नाव, ते किती दिवसांनी काम करू लागेल, कोणते त्रास होतील आणि त्यांतले कोणते धोक्याचे, चुकलेल्या गोळीचे काय करायचे, आणि पुढची तारीख. रक्तदाब, साखर, हृदय, सांधेदुखी यांसाठी चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगा. मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारे लिथियम हे औषध दिले गेले असेल तर गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन रक्तातील लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढवू शकते. गोव्याच्या मे महिन्यात घामाने अंगातले पाणी कमी झाले तरी तेच होते. यासाठी ठरावीक रक्ततपासण्या चुकवू नयेत.

## टप्पा ८: पहिले सहा आठवडे

सगळ्यात जास्त उपचार इथे तुटतात, म्हणून इथे सगळ्यात जास्त लक्ष द्यावे. नैराश्य आणि आघातजन्य तणावासाठी सहसा दिली जाणारी सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रामसारखी औषधे दोन ते सहा आठवड्यांत परिणाम दाखवतात. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी मात्र पहिल्या आठवड्यातच येते. म्हणजे रुग्णाला आधी फक्त त्रास दिसतो, फायदा दिसत नाही, आणि तो म्हणतो की या गोळ्यांनी मी आणखी बिघडलो. हे घडणार आहे, असे त्याला आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवले तर निम्मी लढाई तिथेच संपते. बेचैनी फारच वाढली, जीव देण्याचे विचार नव्याने आले किंवा बळावले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

दुसरी अडचण कोणी उघड बोलत नाही. या औषधांनी लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होऊ शकते, आणि पुरुष त्या एका कारणासाठी कोणालाही न सांगता गोळ्या थांबवतात. डॉक्टरांजवळ त्यावर उपाय असतात, मात्र त्यांच्या कानावर घालायला हवे. पत्नीला हे माहीत असले पाहिजे. अचानक गोळ्या थांबवल्यास चक्कर, अंगात विजेसारखे झटके आणि चिडचिड होते, म्हणून थांबवायच्या असतील तर त्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच कमी कराव्यात. बरे वाटू लागल्यानंतरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात.

पॉलिक्लिनिकमधून दर वेळी त्याच कंपनीची गोळी मिळेल असे नाही. पाकिटाचा रंग बदलतो, नाव बदलते, आणि घरात जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेतल्या जातात, किंवा ‘औषध बदलले’ म्हणून दोन्ही बंद होतात. प्रत्येक पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम वहीतल्या नोंदीशी ताडून पाहा. औषध उपलब्ध नसेल तर तसे लेखी घ्या आणि बाहेरून कसे घ्यायचे, परतावा कसा मागायचा, हे तिथेच विचारा. लेखी नोंदीशिवाय विकत घेतलेल्या औषधांचे पैसे मिळवताना पुढे त्रास होतो. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी निघावे, विशेषतः चवथीच्या आधी, कारण सणाच्या सुट्ट्यांत दवाखाने बंद असतात आणि नेमके त्याच वेळी पाहुणे, गर्दी आणि फटाके यांनी ताण वाढलेला असतो.

झोपेसाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम दिले असेल तर ते किती दिवसांसाठी, हे विचारून घ्या. या गोळ्यांची सवय लागते. सोबत्याकडून उसन्या आणलेल्या गोळ्यांनी ती आणखी लवकर लागते.

## टप्पा ९: पत्नी आणि मुलांचा स्वतःचा केसपेपर

मानसिक उपचार म्हणजे सैनिकाचेच, असा समज आहे, आणि तो बदलायला हवा. वर्षानुवर्षे बदल्या, एकटीने केलेले संसार आणि आता घरात सतत सावध बसलेला माणूस, या सगळ्याचा परिणाम पत्नीच्या झोपेवर, रक्तदाबावर आणि मनावर झालेला असतो. तिचे नाव कार्डावर असेल तर ती स्वतः रुग्ण म्हणून पॉलिक्लिनिकमध्ये दाखवू शकते. ‘यांची पत्नी’ म्हणून मागच्या खुर्चीवर न बसता तिने स्वतःच्या नावाने तपासून घ्यावे. वीरपत्नींना आणि कुटुंब पेन्शन घेणाऱ्या विधवांनाही ही योजना लागू आहे. पतीच्या निधनानंतर खचलेल्या बाईला कोणी डॉक्टरकडे नेतच नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहतो आणि त्याने वाईट वाटते.

मुलांना वयानुसार खरे सांगा. ‘बाबांना एक आजार आहे, त्यामुळे मोठा आवाज झाला की त्यांना भीती वाटते, तुझी काही चूक नाही’ एवढे सात वर्षांच्या मुलालाही कळते. शाळेत समुपदेशक येत असतील तर त्यांच्या कानावर घालावे. नरकासुराची रात्र, फेस्ताची आतषबाजी, शिगम्याचे ढोल यांची तारीख आधीच ठाऊक असते. त्या संध्याकाळी कुठे राहायचे, कोण सोबत असेल, कंटाळा आला तर कसे निघायचे, हे त्या सैनिकाशीच बोलून ठरवावे.

इशारा: मारहाण होत असेल तर आजार हे ती सहन करण्याचे कारण ठरत नाही. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे. आधी सुरक्षित जागी जा, उपचारांचे नंतर ठरवता येते.

## टप्पा १०: प्रकृती बरी असतानाच लिहून ठेवा

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने प्रत्येक सज्ञान माणसाला दोन अधिकार दिले आहेत आणि ते फार थोडे लोक वापरतात. आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे तो आधीच लिहून ठेवू शकतो. तसेच आपल्या वतीने निर्णयात मदत करणारा नामनिर्देशित प्रतिनिधी तो साध्या कागदावर सही करून नेमू शकतो. हे काम संकटाच्या रात्री होत नाही. उपचार रुळावर आल्यावर, शांत मनाने, रुग्णाने स्वतः करावे. दोन भाऊ, पत्नी आणि आई यांच्यात भरतीवरून वाद होतो तेव्हा याच कागदाने निकाल लागतो.

भरतीची वेळ आलीच तर, रुग्ण स्वतःच्या संमतीने दाखल झाला असल्यास सर्वसाधारणपणे स्वतः मागून घरी जाऊ शकतो. संमती देण्याच्या स्थितीत नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, तज्ज्ञांच्या तपासणीनंतर, कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. भूल दिल्याशिवाय विजेचे उपचार करण्यास कायद्याने बंदी आहे, हे ती भीती बाळगणाऱ्या वडीलधाऱ्यांना सांगावे.

## टप्पा ११: पेन्शनचा दावा, आणि तो शेवटी का

आजार सेवेमुळे झाला किंवा वाढला असेल तर अपंगत्व पेन्शनचा दावा करणे हा हक्क आहे. तो शेवटच्या टप्प्यावर ठेवला आहे, कारण दावा आधी आणि उपचार नंतर असा क्रम लावला की माणूस नकळत आजाराला धरून बसतो, आणि नियमित उपचारांची कागदे नसल्याने दावाही कच्चा राहतो. सलग फाइल असलेल्या माणसाचे दोन्ही सुधारते.

२०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सैन्यात भरती होताना आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असे धरावे, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे दाखवण्याचा भार प्रशासनावर असतो. मात्र २०२३ मध्ये याबाबतचे नियम बदलले, त्यामुळे तुम्ही सेवेतून कोणत्या तारखेला बाहेर पडलात यावर कोणते नियम लागू होतात ते अवलंबून आहे, आणि ते जाणकाराकडून आधी तपासून घ्यावे. नकार आला तर त्यावरील अपिलाची मुदत पत्रातच पाहा. विभागीय अपिले संपल्यावर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि गोव्यासाठी त्याचे मुंबईतील खंडपीठ आहे. दाव्याच्या तारखांची आणि उपचारांच्या तारखांची वही वेगळी ठेवा, आणि दोन्ही एकाच दिवशी आल्या तर आधी दवाखान्यात जा.